ओढ्याचा वैरी

॥ श्री ॥

हरणवाडी, जि. सांगली
१२ डिसेंबर १९७७

तीर्थरूप मदनदादास,
धाकट्या त्रिशलाचा नमस्कार, वि. वि.

तू पाठवलेली नवी रहस्यकथा पोचली. दोन दुपारींत वाचून संपवली. खरं सांगू का, रागावू नकोस, खुनी कोण ते मला हार चोरीला जातो तिथंच कळलं. तुझ्या सुभेदार मानसिंगाला आता खरोखरची पेन्शन द्यायला हरकत नाही. चित्रकलेच्या तासाला पोरांना आंबा काढायला बसवून तू टेबलाशी खून रचत बसलेला डोळ्यांपुढं येतोस आणि मला एकटीलाच हसू येतं.

आईच्या गुडघ्यासाठी घरची हळद पाठवते आहे. तिला म्हणावं, दुधातून घे, नुसती डब्यात ठेवू नकोस.

आता हसण्यासारखं नाही ते लिहिते. आपल्या मळ्यामागचा ओढा तू पाहिला आहेस. लग्नात तुम्ही सगळे तिथंच हातपाय धुवायला गेला होता. कारखान्यानं साखरेच्या जोडीला स्पिरिटचं काम काढल्यापासून त्या ओढ्याला मळीचं पाणी येतं. काकवीसारखं काळपट, वर फेस. वास असा की भाकरीचा घास तोंडाशी नेता येत नाही. गेल्या आठवड्यात मासे पालथे होऊन तरंगत होते. आपली म्हैस गाभडली. बायका आता धुणं घेऊन पार कृष्णेवर जातात.

आपल्या बांधावर बिराप्पा म्हणून जतकडचा धनगर राहतो. कारखान्यात व्हॉल्व्हवर आहे. त्याची बायको बनुबाई माझ्याकडं खुरपायला येते. तो सांगत होता की मळी साठवायचा खड्डा कधीच भरला, म्हणून पहिल्या पाळीचा भोंगा झाला की चाक फिरवून ओढ्यात सोड, असा त्याला हुकूम आहे. हुकूम तोंडी. मी म्हटलं, तू सोडतोस कशाला. तर म्हणाला, ताई, मी न्हाई फिरवलं तर दुसरा फिरवील, चाक काय माझं हाय व्हय.

तुझी वर्तमानपत्रात ओळख आहे. काही छापून आण.

माया आहे ती कमी करू नकोस.
तुझी त्रिशला

॥ श्री ॥

सातारा
२१ डिसेंबर १९७७

चि. सौ. त्रिशलास,
मदनदादाचे आशीर्वाद.

हळद पोचली. आईनं ती डब्यात ठेवली आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वर्तमानपत्रात काय होणार, वाचकांच्या पत्रात दोन ओळी येतील आणि त्यांवर कुणी भजी बांधून देईल. मला दुसरंच सुचलं आहे. मागच्या महिन्यात पुण्याला प्रकाशकांकडं गेलो होतो. ते म्हणाले, मास्तर, हिऱ्यांचा हार आणि पडका बंगला आता शिळा झाला. लोकांना नदी हवी, जंगल हवं, प्राणी हवेत. शहरातल्या माणसाला झाड तुटलं की हळहळायला फार आवडतं, फक्त कुऱ्हाड दुसऱ्याच्या हातात असली पाहिजे. मला हसू आलं, पण माणूस धंदा ओळखून आहे.

त्रिशला, हा ओढा म्हणजे माझी कादंबरी आहे. मासे मरतात, गुरं गाभडतात, गाव गप्प. आणि सुभेदार मानसिंग सुट्टीवर आलेला. लोक श्वास रोखून वाचतील. हजारो वाचक हलले की सरकारलाही हलावं लागेल. मला सगळं कळव. पाण्याचा रंग सकाळी कसा, उन्हात कसा. वास नेमका कशासारखा. चाक फिरतं तेव्हा आवाज कसा होतो. बिराप्पा दिसायला कसा आहे, बोलतो कसा. नावं सगळी बदलीन.

आई तुझी आठवण काढते. आमच्यावर रुसू नकोस, लिहीत जा.
मदनदादा

॥ श्री ॥

हरणवाडी
१५ जानेवारी १९७८

तीर्थरूप दादास,
त्रिशलाचा नमस्कार.

तुला हवं ते लिहिते. सकाळी पाणी चहाच्या चोथ्यासारखं दिसतं. उन्हं चढली की तांबूस होतं आणि फेसावर निळी झाक येते. वास सडलेल्या गुळाचा, त्यात कुजक्या अंड्याचा. चाक फिरताना आधी कुरकुरतं, मग नळ घसा खाकरल्यासारखा करतो आणि मग धो धो. हे शेवटचं बिराप्पाचं बोलणं आहे, मी फक्त लिहून घेतलं. त्याला मी सांगितलं की माझा भाऊ पुस्तक करतो आहे. तो हरखला. त्याला वाचता येत नाही, पण ओट्याखाली उकिडवा बसून त्यानं सगळं सांगितलं. उंच आहे, डावा खांदा जरा खाली, कपाळावर भंडारा. बोलताना मध्येच कानडी येतं. त्याच्या लेकीच्या पायांना चट्टे उठले आहेत, ती ओढ्यात खेळायची.

दादा, दोन गोष्टी सांगते त्या मनावर घे. एक, तो बोलला ते माझ्या भरवशावर. त्याला धक्का लागता कामा नये. दुसरी, ह्यात कुणी एक चोर नाही. हुकूम देणारे साहेब आहेत, कागदावर सही न करणारे संचालक आहेत, आणि आम्हीही आहोत. आमचा ऊस तिथंच जातो. मी ह्यांच्याजवळ विषय काढला तर म्हणाले, कारखान्यानं गावाला शाळा दिली, रस्ता दिला, थोडा वास सोसायला काय झालं. सुनेनं पुरुषांच्या कामात बोलू नये, असं सासूबाईंनी त्यात घातलं. हेही पुस्तकात लिही. ते लिहिलंस तर मी तुझी खरी वाचक.

आईला जप, मला विसरू नकोस.
त्रिशला

॥ श्री ॥

सातारा
८ मे १९७८

चि. सौ. त्रिशलास आशीर्वाद.

कादंबरी झाली. नाव ‘ओढ्याचा वैरी’. मुखपृष्ठावर हिरवं पाणी आणि त्यातून वर आलेला हात. प्रकाशक खूष आहेत. पहिल्या पन्नास पानांत त्यांना वास आला म्हणतात. ते श्रेय तुझं.

शेवटाबद्दल थोडं झालं. मी तुझ्या म्हणण्याप्रमाणेच लिहिला होता. साहेब, संचालक, गाव, सगळे थोडे थोडे दोषी. प्रकाशकांनी तो भाग परत केला. म्हणाले, मास्तर, वाचकानं अडीचशे पानं चिडायचं आणि शेवटी धरायला मानगूटच नाही? शिवाय चेअरमन गुन्हेगार दाखवला तर उद्या कोर्टाचं बोलावणं येईल. तेव्हा शेवट फिरवला. व्हॉल्व्हवरचा नागाप्पा म्हणून माणूस आहे, तो दुसऱ्या कारखान्याशी आतून मिळालेला असतो आणि मुद्दाम ओढ्यात विष सोडतो. सुभेदार त्याला बांधावर पकडतो. चेअरमन डोळे पुसतात, ओढा पुन्हा निर्मळ होतो. नाव बदललं आहे, जात लिहिलेली नाही. गोष्टच आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

पुस्तक दिवाळीआधी येईल. पहिली प्रत तुला.

तुझ्या शब्दाची वाट पाहतो.
मदनदादा

(कार्ड)

हरणवाडी
१३ मे १९७८

दादा, नमस्कार. शेवट बदल. आजच्या आज पुण्याला जा.
त्रिशला

॥ श्री ॥

हरणवाडी
२० ऑक्टोबर १९७८

रा. रा. मदनराव यांस,
श्रेणिकचा सप्रेम जयजिनेंद्र.

मेहुणे, तुम्ही आमच्या गावाला प्रसिद्ध करून टाकलंत. वाचनालयात तुमच्या पुस्तकाला नंबर लागले आहेत. आमच्या आईसुद्धा नातीकडून वाचून घेतात आणि मध्येच थांबली तर तिच्यावर ओरडतात. ज्याला त्याला ओढ्याचा कळवळा आला आहे. काल चहाच्या हॉटेलात निसर्गाचा समतोल हे शब्द मी चार माणसांच्या तोंडून ऐकले, आणि चौघांचाही ऊस कारखान्यालाच जातो.

चेअरमनसाहेबांनी पुस्तक एका बैठकीत वाचलं. सभासदांना भेट द्यायला गठ्ठाच मागवला आहे. ते म्हणतात, लेखकानं नेमकं ओळखलं, यंत्र चांगलं असतं, माणूस वाईट निघतो.

तो आमच्या बांधावरचा बिराप्पा तुम्हाला माहीत नसेल. लोक त्याला नागाप्पा म्हणायला लागले. आधी पोरं चेष्टेनं म्हणत, मग मोठीही. खालच्या वाडीतल्यांची रेडकं मेली तेव्हा त्यांनी त्याच्या खोपीवर दगड टाकले. बनुबाईच्या डोक्याला खोक पडली. मग कारखान्यानं चौकशी लावली आणि मळी परवानगीवाचून सोडली असं ठरवून त्याला काढून टाकलं. माणूस तसा गरीब होता, पण गाव शांत झालं हे बरं. ते बिऱ्हाड घेऊन जतकडं गेले.

पुढच्या महिन्यात गळिताची पहिली मोळी पडून हंगाम सुरू होणार. त्या दिवशी तुमचा सत्कार ठरला आहे. नाही म्हणू नका, मी शब्द दिला आहे. ह्या वर्षी संचालकपदासाठी माझंही नाव चाललं आहे, तेव्हा तुमच्या पायगुणाचा फायदा होईल.

त्रिशलाची तब्येत बरी आहे. मात्र बोलत नाही. तुमची पत्रं येतात ती फोडत नाही.

येण्याचं नक्की करा, मग मनमोकळं बोलू.
आपला श्रेणिक

॥ श्री ॥

सातारा
२ नोव्हेंबर १९७८

चि. त्रिशला,

हे पत्र फोड. श्रेणिकरावांकडून कळलं. तुझं कार्ड आलं तेव्हा पुस्तकाचे फर्मे छापून झाले होते. तरी मी जायला हवं होतं, गेलो नाही.

कळल्यावर मी सगळं लिहून काढलं, हुकूम कुणाचा, खड्डा केव्हा भरला, आणि इथल्या एका संपादकांकडं गेलो. भला माणूस. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, मास्तर, हे तुमच्या कादंबरीतलंच आहे. मी म्हटलं, कादंबरी खोटी, हे खरं. ते म्हणाले, कादंबरीत व्हॉल्व्हवाला दोषी, इथं निर्दोष. मग हा दुसरा भाग का? मी पुष्कळ समजावलं. शेवटी ते म्हणाले, अहो, आमच्या घरी सगळ्यांनी वाचली. चोर पकडला गेला, जिवाला बरं वाटलं. आता तोच ओढा पुन्हा घाण आहे असं छापलं तर कुणाला वाचवेल?

पुण्याहूनही पत्र आलं आहे. दुसरी आवृत्ती निघते आहे आणि पुढची कादंबरी पाचगणीच्या जंगलतोडीवर हवी आहे. मी उत्तर दिलेलं नाही.

सत्काराला येतो. माईकवर उभं राहून सगळ्यांच्या देखत खरं सांगणार आहे. बिराप्पा निर्दोष आहे हे माझ्याच तोंडून ऐकल्यावर लोकांना मानावं लागेल.

भेटलीस तर बोल.
दादा

॥ श्री ॥

हरणवाडी
१७ डिसेंबर १९७८

ती. दादास नमस्कार.

सत्कार झाल्यावर तू घरी न येता जीपनं परस्पर एस.टी. स्टँडवर गेलास. मी पिठलं-भाकरी करून ठेवली होती. त्याबद्दल तक्रार नाही.

तू व्यासपीठावर होतास, मी बायकांत होते. तिकडून काय दिसलं ते सांगते. तू माईकपुढं आलास. बोललास की पुस्तकातला शेवट खोटा आहे, व्हॉल्व्हवाल्यानं काही केलं नाही, हुकूम वरून होता. मला अभिमान वाटला, हे मी तुला लिहिणारच होते. पण माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, आता दुसरा भाग येनार वाटतं. मग टाळ्या सुरू झाल्या. चेअरमननी उठून माईक घेतला आणि म्हणाले, आमचे लेखक आम्हाला शेवटपर्यंत चकवतात, खरा खलनायक पुढच्या पुस्तकात. सगळा मांडव हसला. ह्यांनीही हसून टाळी वाजवली. तुझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. तू तो घेतलास. नाही घेतलास तरी काय झालं असतं म्हणा. त्यांनी तोही तुझा नवा डाव समजला असता.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जतला जाऊन आले. घरात न विचारता. ह्यांनी तेव्हापासून माझ्याशी अबोला धरला आहे, आणि परवा संचालक झाले.

बिराप्पा लोकांची मेंढरं राखतो. टँकर येतो त्या वाटेवर त्यांची खोप आहे. लेकीच्या पायांचे चट्टे सुकले आहेत, तेवढं चांगलं. बनुबाईनं मला पाणी दिलं. तिथं पाणी मिळायला किती उभं राहावं लागतं ते मी पाहिलं, म्हणून मला ते गिळवेना. मी माफी मागितली तर म्हणाली, ताई, तुमी कशाला, आणि चुलीकडं वळली.

बिराप्पानं खोपीतून तुझं पुस्तक आणलं. मुखपृष्ठ फाटलेलं. टँकरवरच्या पोरांनी त्याच्यापुढं टाकलं होतं. मला म्हणाला, कुनी नीट वाचून दाखवत न्हाई, तुमी वाचा, मी काय केलं ते तरी कळू दे. मी नको म्हणत होते. तो समोर उकिडवा बसला, पूर्वी ओट्याखाली बसायचा तसा.

मी वाचलं. पाण्याचा रंग आला, फेसावरची निळी झाक आली, नळाचं घसा खाकरणं आलं. तो मान हलवत होता. म्हणाला, बरोबर, आसंच व्हतं, लय बरोबर लिवलंय. दादा, तू चांगलं लिहितोस. त्याच्या तोंडावर खुशी होती आणि मला पान उलटवत नव्हतं. मधली पुष्कळ पानं गाळली. शेवटाशी आले तेव्हा मी नजर पुस्तकावर ठेवली आणि माझ्याच मनानं बोलत गेले. सुभेदार साहेबांना धरतो, संचालकांना गावापुढं उभं करतो, व्हॉल्व्हवाल्याला मानानं परत कामावर घेतात. माझा आवाज वाचल्यासारखा राहावा म्हणून मी मध्ये मध्ये पानंही उलटली.

त्यानं मला पुरं करू दिलं. मग म्हणाला, हे चांगलं हाय, ताई. पर पोरं दुसरंच वाचत्यात.

बनुबाईनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि रांजणावर झाकण म्हणून ठेवलं.

इथं ओढा कालही तसाच काळा आला. आता कुणी काही बोलत नाही. लोकांच्या लेखी तो निर्मळ झालेला आहे, त्यांनी तसं वाचलं आहे. तुझं पाचगणीचं पुस्तक निघालं तर पाठवू नकोस. आईच्या गुडघ्याचं मात्र कळव.

व्हॉल्व्हवर नवा माणूस आला आहे. गरीब आहे, लांबच्या गावचा आहे, बायको कामाला माझ्याकडंच येते. परवा तो ओट्याखाली येऊन बसला आणि काही सांगायला लागला. मी उठून आत गेले.

त्याचं नाव मी तुला कळवणार नाही.

त्रिशला