तलावात न दिसलेला रंग

बाबा, आज लॅबमध्ये एक माणूस आला आणि त्याला बसवेना. बाकावर टेकला, उठला, भिंतीला डोकं लावलं, पुन्हा टेकला. बायको म्हणाली, "काल धानाचं पोतं उचललं ना, चमक भरली." दुखणं कुठून कुठे जातं, मी विचारलं. त्याने बरगडीखाली पाठीवर हात ठेवला आणि तो पुढे जांघेपर्यंत आणला. कळा थांबून थांबून येतात, मळमळतं, लघवी थेंबथेंब, जळजळत. चमक भरलेल्याला कुठल्या तरी कुशीवर आराम पडतो. खडा अडकलेल्याला कुठेच नाही. मी त्याच्या हातात बाटली दिली. "बाई, हे भराले मले दोन दिवस लागन," तो कण्हत म्हणाला. बायकोला हसू आलं. नमुना कोऱ्या चहाच्या रंगाचा निघाला. मी त्यांना तिथूनच डॉक्टरांकडे पाठवलं.

मला ते जुने दिवस दिसतात: तुम्ही खाटेवर असेच बसत-उठत आहात. माझं लॅबचं शिक्षण चालू आहे, मी सुटीत घरी आले आहे. जाळं ओढून पाठ धरली, हे घरात ठरलेलं; आई मोहाच्या बियांचं तेल चोळते आहे. मी म्हणते, पाणी कमी पिता तुम्ही. "दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभा रायतो मी, अन् तू मले पाण्याचं शिकवून राह्यली?" मग आईच विचारते, लघवी लाल होते का. तुम्ही हसता. "तलावात कोणाले दिसते वो?" खरंच होतं ते. जाळं सोडून काठावर कोण येतो? सगळे पाण्यातच उभ्याउभ्या मोकळे होतात.

तिसऱ्या दिवशी तुम्हाला थंडी वाजून ताप आला, आणि घर जरा निवांत झालं. आपल्याकडे थंडीताप म्हणजे मलेरिया, त्याची गोळी सगळ्यांना माहीत. मी तुमच्या बोटाला सुई टोचली, मलेरियाच्या तपासणीच्या पट्टीवर एकच रेघ आली. "मलेरिया नाई," मी सांगितलं, जरा ऐटीतच. "मंग चांगलंच झालं," म्हणून तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. त्या दुखण्यावर थंडीताप आला की थांबायचं नसतं, हे मी आता रोज कुणाला तरी सांगते. आपण सकाळपर्यंत थांबलो. गडचिरोलीला नेलं तेव्हा खडा अडकून विष रक्तात गेलेलं होतं; तुम्ही घरी परत आला नाहीत.

आई म्हणते, तुमचं दुखणं कोणालाच कळण्यासारखं नव्हतं. मी तिला काही सांगत नाही. हा कागदही इथे, माझ्या खोलीतच राहील. कॉलेजातून आणलेली नमुन्याची बाटली तेव्हा माझ्या पिशवीत होती, बाबा. बोट टोचताना मी तुमचा हात धरला. ती बाटली तुमच्यापुढे धरायची मला लाज वाटली.