दीड सेकंदाचा साक्षीदार

दि. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. सलूनमधून फोन करायचा तर तीन खुर्च्यांवरचे आणि बाकावरचे सगळे कान माझ्या तोंडाशी येतात, आणि घरी तुझी भावजय असते. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून, मधल्या खुर्चीत बसून लिहितोय.

गेल्या बुधवारी बास्केटबॉल क्लबचे सेक्रेटरी दाढीला आले. गालाला साबण लावला आणि सवयीप्रमाणे माझा रेडिओ सुरू झाला. विषय एकच, आपल्या संघातल्या त्या उंच बगळ्याचा तो शॉट. बावीस वर्षं झाली, पण गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की मला राहवत नाही. ओला टॉवेल गुंडाळून मी कोपऱ्यातल्या टोपलीत टाकून दाखवतो, तेव्हा कुठे गोष्ट पुरी होते. सेक्रेटरी साबण वाळेपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले की जुनं स्टेडियम आता पाडणार आहेत. वीस तारखेला निरोपाचा समारंभ आहे, स्वतः बगळा येणार आहे, आणि प्रेक्षकांतर्फे त्या शॉटची आठवण सांगायला तुमच्यासारखा माणूस नाही. आणि ताई, मी हो म्हणालो! हातात वस्तरा असताना माणसाने कशालाही हो म्हणू नये.

आता आमचं घोडं कुठे अडलंय ते तुला सांगायला नको. प्लेऑफचा तो सातवा, निर्णायक सामना, शेवटचं मिनिट, आपण पाच गुणांनी मागे, आणि मी उठलो. बाबांचंच वळण. बस चालवून चालवून त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं, की गर्दी फुटायच्या आत निघावं. आपण दोघांनी लहानपणी एका तरी सिनेमाचा शेवट पाहिला का? नायक मेला की जगला ते दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचं. त्या दिवशीही पाय आपोआप दाराकडे वळले. तू आली नाहीस. मी बाहेर सायकलचं कुलूप काढत होतो, तेव्हा आतून तो आवाज आला.

मी तो शॉट पाहिलेला नाही, हे जगात फक्त तुला माहीत आहे. तुझं ऐकून ऐकून मी इतकी वर्षं सांगत आलो. त्या स्टेडियमात सहा हजार खुर्च्या होत्या आणि शहरात पाहिलं म्हणणारे साठ हजार आहेत, त्यात मी एक, म्हणून आजवर खपून गेलं. पण आता समोर तो बसणार. नाही म्हणावं तर नाचक्की, हो म्हणावं तर त्याच्या तोंडावर खोटं. टीव्हीवरचं चित्रण मी पाठ केलंय, पण ते पलीकडून घेतलेलं, त्यात बगळ्याची पाठ दिसते. त्याचा चेहरा आपल्या बाजूला होता. तू एकदा सगळं नीट लिहून पाठव. काय करावं तेही सांग.

तुझ्या रागाला पात्र आणि मायेवर टपलेला,
भुंग्या


दि. ९ एप्रिल

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं तेव्हाच ओळखलं, स्वारी अडचणीत आहे. तू खुशालीत असतोस तेव्हा फोन करतोस. इकडे सगळं ठीक. प्रयोगशाळेत नवीन सूक्ष्मदर्शक आलाय, त्यात रक्तातल्या पेशी इतक्या लख्ख दिसतात की जुन्यात इतकी वर्षं आपण काय बघत होतो असं वाटतं. सांगायचा मुद्दा, मी दिवसभर बघण्याचंच काम करते. जे दिसलं तेच लिहीन, तुझ्यासारखी फोडणी घालणार नाही. मागे तुझ्या दुकानात पडद्याआड बसून ऐकलं होतं. चेंडूने रिंगवर चार टप्पे घेतले म्हणे! दर वर्षी एक टप्पा वाढवतोस का रे?

तू गेलास तेव्हा अठ्ठेचाळीस सेकंद उरले होते. मग आपल्या गिड्ड्याने लांबून चेंडू टाकला आणि तीन गुण आले. आता दोनच गुण मागे. त्यांनी चेंडू खेळवत वेळ काढला, शेवटी मारला तो हुकला, आणि झटापटीत त्यांच्याच हाताला लागून बाहेर गेला. घड्याळात दीड सेकंद. आपल्या प्रशिक्षकाने टाइमआउट घेतला. दीड सेकंदात काय होतं? शिंक पुरी होत नाही. पण प्रेक्षकांत कुणी बसलेलं नव्हतं, आणि सहा हजार माणसं असून पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

बगळा आपल्या समोरच्या कोपऱ्यात, तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहिला. गिड्ड्याने बाहेरून चेंडू फेकला तो त्याने हवेतच घेतला, रिंगकडे पाठ असताना. दोघं धिप्पाड गडी अंगावर आले. तो वळला आणि त्याचा चेहरा मला दिसला. त्यावर भीती नव्हती, त्वेष वगैरेही नव्हता. सुईत दोरा ओवताना आईचा चेहरा व्हायचा ना, जीभ किंचित बाहेर, तसा होता. त्या गोंधळात तो एकटाच माणूस घाईत नव्हता. मागे झुकत त्याने चेंडू सोडला. चेंडू हवेत असतानाच बझर वाजला. मागच्या कडेला लागला, वर उडाला, पुढच्या कडेवर टेकला आणि आत पडला. टप्पे दोन, लिहून ठेव. एका गुणाने जिंकलो. इतकं सुंदर काही मी त्यानंतर पाहिलं नाही, आणि ते पाहायला मिळालं म्हणून आजही स्वतःला भाग्यवान समजते.

आता एक, जे मी तुला कधी सांगितलं नाही. चेंडू आत पडला तशी मी तुझा हात धरायला डावीकडे वळले. तिथे नुसती खुर्ची होती. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. एवढा मोठा आनंद, आणि माझ्याजवळ माझं माणूस नव्हतं. मी दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिले आणि रडले. तुझा फार राग आला होता. मग बाहेर आले, तर तू सायकल धरून उभा, तोंड एवढंसं झालेलं. सांग सांग म्हणून मागे लागलास. घरी पोचेपर्यंत दहा वेळा सांगायला लावलंस. दहाव्या खेपेला राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

हा वरचा परिच्छेद सोडून बाकी सगळं तुझं म्हणून सांग, माझी हरकत नाही. तू माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं सांगतोस. पण काय करावं असं विचारलंस म्हणून लिहिते. बगळ्यापुढे ते तुझं म्हणून सांगितलंस, तर मला आवडणार नाही. ठरवणारा तू.

मोठी असल्याचा हक्क न सोडणारी,
ताई


दि. १५ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून ह्यांचं कशात लक्ष नाही. काल निवृत्त मास्तरांचा एक कल्ला वर आणि एक खाली ठेवला. मास्तर बिचारे मान वाकडी करून घरी गेले. दुकान बंद केल्यावर हे आरशासमोर उभे राहून भाषणाची तालीम करतात, आणि मी आले की केस विंचरायला लागतात. कुठले केस, तुम्हाला ठाऊक आहेच.

क्लबने पुस्तिका छापली आहे. त्यात ह्यांचा फोटो, आणि खाली ‘त्या क्षणाचे साक्षीदार’. ती पाहून ह्यांनी जेवण अर्धं टाकलं.

वन्सं, मला माहीत आहे. कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या भेटीत ह्यांनी मला तीच गोष्ट सांगितली होती, आणि खरं सांगते, मी त्या सांगण्यावरच भाळले. पण लग्नानंतर शंभर वेळा ऐकली तेव्हा ध्यानात आलं. गोष्टीत सगळं स्टेडियम उठतं, ओरडतं, रडतं, पण हे स्वतः काय करत होते ते कधीच येत नाही. एरवी हा माणूस साधी भाजी आणायला गेला तरी गोष्टीचा नायक हाच! मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, आपण कशाला उघडायची?

आता मात्र धास्ती वाटते. खोटं बोलून आले तर ह्यांना स्वतःला ते पचणार नाही. खरं बोलले तर लोक हसतील, आणि गिऱ्हाईक तर त्या गोष्टीवरच जडलेलं. मला दोन्ही चालेल, पण हे असे झुरलेले बघवत नाहीत. तुम्हाला सुट्टी मिळत नाही हे कळलं, नाहीतर या म्हणाले असते.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
तुमची भावजय


दि. २२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. नीट सांगतो, फोडणी न घालता.

स्टेडियम गच्च भरलं होतं. बगळ्याला पाहिलं. गुडघे गेलेत बिचाऱ्याचे, काठी घेऊन चालतो, पण उभा राहिला की अजून सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसतो. पहिल्या रांगेत पाय लांब करून बसला होता. माझ्या एका खिशात पाठ केलेलं भाषण होतं, दुसऱ्यात तुझं पत्र. ते आधारापुरतं नेलं होतं, वाचायला नव्हे. खरं सांगतो, माइकपर्यंत जाताना मी भाषणच करणार होतो.

पण मी तोंड उघडलं आणि बगळा पुढे झुकला. काठीवर दोन्ही हात, त्यावर हनुवटी. स्वतःच्या शॉटची गोष्ट तो असा ऐकायला बसला, जणू त्याला पुढे काय होणार ते माहीतच नव्हतं. ताई, त्या माणसाशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो की अठ्ठेचाळीस सेकंद असताना मी उठून गेलो, मी काही पाहिलेलं नाही, पाहिलं ते माझ्या बहिणीने. लोक हसले. त्यांना वाटलं, ही माझी नेहमीची गंमत. मी पत्र काढलं तेव्हा हसू थांबलं.

आईची सुई वाचली तेव्हा बगळ्याने जीभ चाचपून पाहिली, सगळ्यांच्या देखत. टप्प्यांवरून माझी जी फिरकी घेतली आहेस त्यावर आमचे मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले. मग तो रिकाम्या खुर्चीचा परिच्छेद आला. तू नको म्हटलं होतंस. मी वाचला. तो गाळला असता तर पुन्हा एकदा अर्ध्यातून उठल्यासारखं झालं असतं. शेवटच्या शब्दापर्यंत पुरा केला. रागावलीस तर रागाव.

टाळ्या वाजल्या नाहीत. मला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात बगळा उठला. सेक्रेटरी धरायला धावले, त्यांना हातानेच बाजूला केलं आणि माइक मागून घेतला. तो म्हणाला की हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या शेवटच्या टाइमआउटला त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या होत्या. हरलो असं धरून तो मनाने घरी निघाला होता, दार लांब म्हणून नुसता बसला होता. गिड्ड्याने ते पाहिलं, खाली वाकला आणि त्याच्या नाड्या बांधल्या. उठवलं म्हणून उठलो, असं म्हणाला. चेंडू सोडला तेव्हा दोघं गडी त्याच्या अंगावर पडले. तो आत जाताना त्यानेही पाहिला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला की तुझ्या बहिणीचा हात धरायला तिथे कुणी नव्हतं, याचं मला वाईट वाटतं. आणि मग त्या टाळ्या, ताई! त्या माझ्या नव्हत्या, त्याच्याही नव्हत्या. तू हवी होतीस गं.

घरी आल्यावर तुझी भावजय म्हणाली की तिला अठरा वर्षांपासून माहीत आहे. तुम्ही दोघी मिळून माझी पार भादरणार. दुकानाचं म्हणशील तर एक गिऱ्हाईक ‘फसवलंस’ म्हणत समोरच्या सलूनमध्ये गेलं. त्याचं खोटं नाही. मास्तर मात्र सकाळीच हजर, कल्ले सारखे करून घ्यायला.

एक विचारायचं राहिलं. बगळ्याने तुझं पत्र मागितलंय. म्हणाला, त्या बाजूने मी स्वतःला कधी पाहिलं नाही. पत्र तुझं, तुला विचारल्याशिवाय देणार नाही. देऊ का?

आता तुझ्यापाशी काही लपवायला न उरलेला,
भुंग्या


दि. २७ एप्रिल

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

दे. त्याला म्हणावं, अक्षराला हसू नका. गिड्ड्याच्या नाड्यांचं वाचून मी प्रयोगशाळेत रडले, आणि सगळ्यांना वाटलं डोळ्यात काही उडालं. बावीस वर्षं मी त्या एकाच माणसाची तारीफ करत होते. आता दोघांची करते.

तो परिच्छेद वाचलास म्हणून रागावलेले नाही. सहा हजार लोकांपुढे उभं राहून तू ते पुरं वाचलंस, याचा मला अभिमान वाटतो. एकदाच लिहिते, समोर आलास की म्हणणार नाही.

आमच्या इथला संघ यंदा प्लेऑफमध्ये आहे. शनिवारी निर्णायक सामना. मी दोन तिकिटं काढलीत, शुक्रवारीच निघून ये. जागा रांगेच्या बरोब्बर मधोमध घेतल्यात. शेवटच्या मिनिटाला उठावंसं वाटलं तर दाराच्या बाजूला अकरा माणसांचे गुडघे ओलांडावे लागतील, आणि त्यातला पहिला गुडघा माझा असेल.

वाट पाहणारी,
ताई