वाटीखालचा फासा

९ जानेवारी १९२८

माझे आकडे परत आले. अंधाऱ्या खोलीत आधी डोळे सरावू द्यायचे, मग सूक्ष्मदर्शकातून पडद्यावरच्या ठिणग्या मोजायच्या – एवढंच तर काम! रेडियमचा एक अणू फुटला की एक ठिणगी. प्रयोगशाळेच्या हालाउस्का बाई कागद बघून म्हणाल्या, "फेर्डिनांड, हे फार नीटनेटकं आहे. अणू काही रांगेत उभे राहून फुटत नाहीत. आता यायला हवी असं वाटलं, की तुम्हाला ठिणगी दिसते."

मी खोटं लिहिलं नव्हतं. दिसल्या होत्या!

१७ जानेवारी

सकाळी पुन्हा हात निरखले. बाबांचं दुखणं बोटांपासूनच सुरू झालं – टेबलावर नसलेला पियानो वाजवल्यासारखी ती हलायची. मग पाय, मग बोलणं, मग टेकडीवरचं इस्पितळ. डॉक्टर म्हणाले होते, "प्रत्येक मुलाला हे येण्याची निम्मी शक्यता. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही." आम्ही दोघंच – बहीण पेपी आणि मी.

पेपीला हात दाखवले. टोपी शिवता शिवता ती म्हणाली, "थरथरणारच! असं डोळे वटारून बघितलंस तर माझी टोपीसुद्धा थरथरेल." लग्न कधीच करणार नाही म्हणालो. "मग वाटणी झाली. भीती तुला, नवरा मला!" ईस्टरनंतर तिचं लग्न आहे, बेकरीवाल्या आलोइसशी.

तेवढ्यात तिची सुई मोडली. तेही माझ्याच बडबडीमुळे म्हणे.

२ फेब्रुवारी

आज धीर करून बाईंना विचारलं – कुठला अणू कधी फुटणार, हे आपल्याला कधी कळेल?

"कळण्यासारखं तिथे काही नाहीच, असं आता म्हणायला लागलेत. आत घड्याळ दडलेलं नाही. फुटेपर्यंत काही ठरलेलंच नसतं."

"आणि तो म्हातारा झाला की?"

"अणू म्हातारा होत नाही, फेर्डिनांड. आज जेवढी शक्यता, उद्याही तेवढीच."

जुने प्राध्यापक हे मानायला तयार नाहीत म्हणे. मला मात्र अणूचा हेवा वाटला. त्याचं अजून ठरायचंय. माझा फासा जन्माआधीच पडलाय – फक्त वाटीखाली आहे.

३ फेब्रुवारी

झोप नाही. बोटं ठीक.

२० फेब्रुवारी

बाईंनी आज कागद ठेवून घेतला. वाट न बघता बघायचं – अंगवळणी पडायला एवढे दिवस लागले. कधी कितीतरी वेळ काहीच नाही, कधी दोन ठिणग्या लागोपाठ. आकडे ओबडधोबड. "आता खरे वाटतात," म्हणाल्या.

आनंद व्हायला हवा होता. फार दमलोय.

२७ फेब्रुवारी

पेपीच्या हातून दूध सांडलं. "लग्नघरातल्या नवरीला सगळं माफ!" म्हणाली. मी पुसलं. माझा हात हलला का, तेवढंच बघत होतो.

११ मार्च, रविवार

आलोइस जेवायला आला होता. खसखशीचे नूडल्स. तो केकच्या थरांबद्दल सांगत होता, पेपी हसत होती. मी कशाचीही वाट बघत नव्हतो. तिचा डावा हात टेबलावर होता. बोटं नसलेला पियानो वाजवत होती.

मी त्यावर माझा हात ठेवला. "काय रे, आज एवढे लाड?" म्हणाली.

माझा हात स्थिर होता.