तिसरी पंजी

कोल्हापूर, बुधवार

चि. सौ. रत्नव्वास आक्काचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? पैंजणांना घुंगरू जोडत तासन् तास मांडी घालून बसू नकोस, हे मागच्या पत्रातही लिहिलं होतं. आम्ही सगळे ठीक. म्हणजे मी सोडून.

सुट्टीत शिवांजलीला तुझ्याकडे हुपरीला पाठवली ती हवापालट म्हणून. (नातीला पत्ते शिकव, असं तुला कुणी सांगितलं होतं?) आली ती पत्त्यांचा कॅट घेऊन. राजे, राण्या, गुलाम बाजूला काढायचे, चार पानं उघडी मांडायची आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काहीही करून, पण चारही पानं वापरून, चोवीस आणायचे. आधी जमेल त्याने चटईवर हात आपटायचा. मी कॅट कपाटावर ठेवला. आमच्याकडे पाढे म्हटल्याशिवाय तिला ताट मिळत नाही, हे तुला माहीत आहे. तर कार्टी म्हणते, "आज्जी, एक डाव खेळ की. हरंल त्यानं पाढं म्हणायचं." मी बी.एस्सी., विषय गणित. बसले.

एक एक्का आणि तीन पंज्या आल्या. मी हात आपटला (बांगडी पिचली). पाच पाचे पंचवीस, वजा एक, चोवीस.

"आणि ही तिसरी पंजी काय शेजाऱ्यांची हाय व्हय?"

मग तिने एकाला पाचाने भागलं, ते पाचातून वजा केलं, उरलं त्याला पाचाने गुणलं. चोवीस. कागद नाही, बोटं मोजणं नाही. मार्चपर्यंत अपूर्णांक म्हटलं की हिच्या पोटात दुखायचं. मी चेहरा कडक ठेवून चष्मा पुसला, पण ही रीत मला कॉलेजातही सुचली नसती. शाबास तिची आणि तुझीही.

तेव्हापासून रोज हरते. सून सौंदर्या पळी घेऊन उभी राहते. "आत्ती, आज एकोणतीसचा. आमटी गार व्हायलीया." मी म्हणते. भूक लागलेली असते.

बाकी भेटीत.

तुझी आक्का

ता. क. रविवारी विहीणबाई, म्हणजे सौंदर्याच्या आई, जेवायला येणार आहेत. त्यांच्यादेखत ताटासाठी पाढे म्हणणं मला जमणार नाही. शनिवारी सकाळी शिवांजली शाळेत असते, तेव्हा ये आणि मला शिकव. घरात गुडघा दाखवायला आले म्हणून सांग. जमत नसेल तर फोन कर, मी रविवारचाही उपवास धरते.

ता. क. दुसरा. येऊ नकोस. विहीणबाईंनाही चटईवर बसवायचं, असं शिवांजली म्हणते. त्या बी.कॉम. आहेत आणि भाजीच्या बेरजेलाही मोबाइल काढतात. त्यांच्यासाठी मी सदतीसचा पाढा काढून ठेवला आहे.