सुताचं दुसरं टोक

बाबा, काल तुमची पान्यांची पेटी पुन्हा दिसली आणि तुम्ही ती धाकट्या भावाच्या हातात दिलीत त्या दिवशीसारखंच पोटात दुखलं. मला लग्नात तांब्याचा हंडा दिलात. चांगला जड आहे, अजून वापरते. पण मला पाना हवा होता. एकदा उचलला तर म्हणालात, "ठेव ता. चेडवाच्या हातात पानो शोभणा नाय." सासरी मसुऱ्याला मी विहिरीचा पंप खोलून, बिघडवून, परत बसवून शिकले. आता शेजारपाजारचे मिक्सर माझ्याकडेच येतात. तरी माहेरी आचऱ्याला आले की तुमच्या दुरुस्तीच्या शेडकडे बघताना मन काही सरळ राहत नाही.

काल शेडमध्ये एका रिसॉर्टचा छोटा ट्रॅक्टर उभा होता, वर बसून हिरवळ कापायचा. पोटाखाली ज्यात पाती फिरतात तो पत्र्याचा डेक खाऱ्या वाऱ्याने पार खाल्लेला. धाकट्याने भलत्याच मशीनचा डेक आणला, त्याचे टांगायचे कान कापून नवे वेल्ड केले आणि तो खाली बसवला. काम इतकं देखणं की मी जळलेच. पण चालू केला की इंजिनावरून पाती फिरवणारा पट्टा उडायचा. आज झालं नाही तर आमची सगळी मशिनं कणकवलीला नेतो, असं रिसॉर्टचा माणूस सांगून गेलेला. धाकटा घामाघूम. मी चहा घेऊन उभी, आणि मनात म्हणते आहे, घे आता पेटी.

तेवढ्यात तो खिशातून जाळं विणायचं सूत काढतो. तुमच्यासारखंच. "बाय, जरा धरतंस गो?" मी खाली बसते. इंजिनाच्या पुलीवर त्याचं टोक, डेकच्या पुलीवर माझं, मधे सूत ताठ. तुमच्यासारखा एक डोळा मिटते. "दोन बोटां खाली आसा रे तुझो डेक. पट्टो रवतलो कसो?"

त्याने ट्रॅक्टरखालच्या टांगण्यांना वर नवी भोकं पाडली, डेक उचलून घेतला. पट्टा जागेवर बसला तो हललाच नाही. मागच्या दारचं गवत कापून झाल्यावर हात पुसत म्हणाला, "पेटी उचलूक मी, आणि सूत धरूक तू. बाबांनी माका कधी धरूक देवक नाय. तुझो भारी राग येय माका."

सूत धरायला मलाच का हाक मारायचात ते मला ठाऊक आहे. त्याचे हात ग्रीसने बरबटलेले असत आणि मळलेलं सूत तुम्हाला चालत नसे. एवढंच. ते त्याला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी त्याचा निवलेला चहा गरम करून आणला, साखर जरा जास्त घातली. तुम्ही नाही, मग हा कागद जायचा कुठे, हंड्याखाली राहील. बाबा, त्याला आणखी थोडे दिवस माझा हेवा करू द्या.