केबिनला कुलूप लागलं

प्रिय भिंगरी,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर आपलं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे सरकत नाही. तुझे बाबा शेजारी असले की तुला घाई असते, आणि तुझा फोन आला की त्यांना नेमकं परसात काम आठवतं. म्हणून म्हटलं, सावकाश बसून लिहावं.

आधी स्टेशनची बातमी. तू गेलीस तेव्हा नुसते खड्डे खणले होते, आता बघशील तर ओळखणार नाहीस. पत्र्याची शेड गेली, तिकिटासाठी कमरेत वाकायला लावणारी खिडकी गेली, पुलाला लिफ्ट आली. लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी ज्यांना कुठेच जायचं नव्हतं तेही वर-खाली करून आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, “प्रवासापेक्षा हे बरं, बाहेर पडल्यासारखंही वाटतं आणि स्वयंपाकाच्या वेळेला घरीही येता येतं.” तुझे आजोबा जिथून इंजिनात पाणी भरायचे ती उंच टाकीही पाडली. मी लग्न होऊन आले तेव्हा वाफेची इंजिनं बंद झाली होती, तरी आजोबा रोज त्या रिकाम्या टाकीखाली एक चक्कर मारून यायचे. टाकी गेल्याचं बाबांना वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. ते एवढंच म्हणाले, “गळकी होती.”

आणि बाबांची सिग्नलची केबिन बंद झाली. लाकडी जिना, ओळीने उभे ते लोखंडी लिव्हर, तू लहानपणी दोन्ही हातांनी लोंबकळायचीस तरी न हलणारे, सगळ्याला आता कुलूप आहे. स्टेशनच्या नव्या इमारतीत एक गार खोली आहे, तिथल्या पडद्यावर सगळे रूळ रेघांसारखे दिसतात आणि बोटाने सिग्नल देता येतो. बाबांना तिथेच घेतलंय. शिकवायला एक तरुण इंजिनियरबाई आल्या होत्या.

आता जे लिहितेय ते तुला कधीच सांगितलं नव्हतं. बाबांनी मला शपथ घातली होती, ती त्यांनीच काल सोडवली. तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ, धुकं इतकं की केबिनमधून फलाट दिसत नव्हता. तेव्हाचे स्टेशनमास्तर फोनवर म्हणाले, लाइन मोकळी आहे, मालगाडी घ्या. बाबांनी लिव्हर ओढला, सिग्नल पडला, मालगाडीला वाट मिळाली. पण त्या लाइनवर आदल्या दिवशी गाडीपासून सोडवून ठेवलेले मालाचे डबे उभे होते, आणि मास्तर ते विसरले होते. जुन्या सिग्नलला रुळावर काय उभं आहे ते कळत नाही गं, ते माणसांनी सांगायचं असतं. ड्रायव्हरला डबे अगदी समोर आल्यावर दिसले. गाडी थांबली, पण कशी, तर मधून माणूस अंग चोरूनच जाऊ शकला असता.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चौकशी झाली, बाबांवर काही ठपका आला नाही. पण तो ड्रायव्हर खाली उतरून केबिनचा जिना चढून वर आला होता. कोवळा पोरगा. बाबांना वाटलं, आता शिव्या देणार. तो म्हणाला, “काका, सिग्नल पडला होता ना? मी नीट पाहिलं होतं ना?” बाबा म्हणाले, “हो बाळा, मीच पाडला होता.” तरी तो पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. पुढे कानावर आलं की त्याने गाडी चालवणं कायमचं सोडलं.

तू ड्रायव्हरची परीक्षा पास होऊन आलीस त्या संध्याकाळी बाबा नुसतं “नाही” म्हणाले. तू ओरडलीस, “मुलगी आहे म्हणूनच ना?” त्यांनी मान खाली घातली. तू बॅग भरून निघालीस तरी त्यांना तोंड उघडता आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे तो पोरगा होता गं, आणि त्याच्या जागी तू.

तर परवा काय झालं ऐक. फलाटाला गाडी उभी होती. बाबांनी त्या इंजिनियरबाईंना विचारलं, “ह्याच लाइनीवर मागून दुसरी गाडी घ्यायला मी सिग्नल दिला तर?” त्या म्हणाल्या, “अजून चाचणीच चाललीय, मागे गाडीही नाही. देऊन बघा की.” बाबांनी दिला. लाल तो लालच. पुन्हा दिला, वेगळ्या रस्त्याने दिला, चुचकारून पाहिलं, डोळा चुकवून पाहिलं. पडदा ढिम्म. बाई हसून म्हणाल्या, “काका, रुळावर गाडी आहे हे ह्या यंत्रणेला कळतं. तुम्ही सांगितलंत, मास्तरांनी सांगितलं, तरी ती ऐकायची नाही.” बाबा तिथेच खुर्चीत बसले आणि तोंडावर रुमाल धरून रडले. बाई घाबरल्या बिचाऱ्या. घरी आले ते मला दारातूनच सांगत, “अगं, खाष्ट सासू आणून बसवलीय! नाही म्हणजे नाही!” मग पोटभर जेवले आणि भर दुपारी घोरत पडले. इतक्या वर्षांत ह्या माणसाचा दिवसा डोळा लागलेला मी पाहिला नव्हता. पाय न वाजवता घरात फिरले मी.

काल सकाळी ते मला म्हणाले, “तिला लिही. सगळं लिही.” मी म्हटलं, फोन करा की. तर म्हणाले, “मला नाही जमायचं, रडू फुटेल.” तुझं ट्रेनिंग संपत आलंय आणि इथून लांबची पोस्टिंग मागणार आहेस, हे आत्याकडून कळलं. मागू नकोस. आपला विभाग माग. गाडी चालवणं सोपं झालंय असं त्यांचं म्हणणं नाही, भीतीही सगळी गेलेली नाही. पण बाबांनी मला शब्दाला शब्द लिहायला लावलंय: “म्हणावं, गाडी घेऊन ये. सिग्नल मी देईन.”

वाट पाहणारी, तुझीच
आई