जातं की विंचू

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ही वही लिहिण्याचे कारण एकच. अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरांनी सक्ती केली. मशीन पंधरा दिवस वापरून पाहायला दिले आहे. लावल्यावर काय ऐकू येते, काढल्यावर काय, रोज लिहायचे. २१ तारखेला वही दाखवायची, मग मशीन ठेवायचे की परत करायचे ते ठरेल. "मॅडम, खरं खरं लिहा," म्हणाले. चौतीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईला हे सांगावे लागते.

मशीन लावून (पुढे फक्त म.): पंखा. फ्रिज. माझीच चप्पल. हायवेवरचा एक ट्रक माझ्या स्वयंपाकघरातून गेला.

म. काढून: दुपार. नुसती दुपार, पिंजलेल्या कापसासारखी.

७, शनिवार

घरात आम्ही दोघेच. सुधाकर, धाकटा भाऊ, वय एकसष्ट. बायको गेल्यापासून माझ्याकडे. नोकरी सांभाळून पंचवीस वर्षे गायन पार्टीत गिटार वाजवली. भीमगीत सुरू व्हायच्या आधी हा अर्धा मिनिट असा एखादा तुकडा वाजवायचा की शेवटच्या रांगेतली माणसे उठून उभी राहायची. तुकडे याचे नव्हेत, इंग्रजी गाण्यांतले. कॉलेजात असताना कुणीतरी भरून दिलेली एक कॅसेट, तिच्यावर ना गाण्याचे नाव ना गाणाऱ्याचे. म्हणून नावे यांनीच ठेवली. फाटक. बोअरवेल. उलटी बैलगाडी. आणि सगळ्यात मोठी दोन: जातं आणि विंचू.

'यांनी' म्हणजे सु. आणि त्याचा मित्र गजानन, इंझोरीचा. शेती करतो, लग्नाच्या वरातीत बेंजो वाजवतो. नववीत माझ्या वर्गात होता, त्रैराशिकात नापास. रोज पाचला मोटारसायकलवर येतो आणि ओसरीवर वाद सुरू होतो: जगातला सगळ्यात भारी तुकडा कोणता. रिफ म्हणतात दोघे त्याला. आता फोनवर गाण्याचे खरे नाव दोन मिनिटांत कळते म्हणे. ग. कळू देत नाही. "नाव मालूम झालं का ते दुसऱ्याचं होते."

गेली पाच-सहा वर्षे मला फक्त हातवारे दिसत होते. आज म. लावून सगळे ऐकले. हातवारे बरे होते.

८, रविवार

मुख्य गोष्ट लिहायची राहिली. २२ तारखेला विहाराच्या नव्या सभागृहाचे उद्घाटन. जुनी पार्टी एकदा पुन्हा जमणार. सुरुवात सु. करणार, विंचूने. लोकांनी तेच मागितले आहे.

बोलावणे आले तेव्हा, महिन्यापूर्वी, तो गिटार घेऊन माझ्यासमोर बसला. "ताई, आइक. हात गेला असन तं सांग. बाकीचे मन राखतीन. तू सांगशीन तं जातो, नाही तं नाही." वाजवले. मी ऐकले. मऊ, गोड, जरा लांबून आल्यासारखे. म्हटले, "काही गेलं नाही. जा." त्याच संध्याकाळी त्याने होकार कळवला.

तेव्हा मशीन नव्हते.

९, सोमवार

वाद, म. लावून, जसाच्या तसा.

ग.: "विंचू म्हंजे विंचू. सतरा सूर अन् सतराव्यावर डंख. वरातीत वाजवला तं नवरदेव घोड्यावरून उतरते. तुमच्या जात्यात काय हाय सुधाभाऊ? पाच सूर. घरघर घरघर. पीठ बी पडत नाही."

सु.: "विंचू चावल्यावर मानूस नाचत नाही, गजू. बोंबलते."

ग.: "बोंबलते तं बोंबलते. आइकू तं येते न दूरवर."

सु. हसला. मग जरा वेळाने, गिटारीकडे न बघता: "मोठा तुकडा तो, जो वाजवनारा थांबला तरी आइकनाऱ्याच्या अंगात फिरत राह्यते. बस."

ग. माझ्याकडे वळला. "बाई, तुमीच द्या निकाल. तिसरं मत."

मी म्हटले, पाच सुरांची सतराशी तुलना करायची तर आधी एकक ठरवा. ग. पुटपुटला, "आलं त्रैराशिक." मला ऐकू आले. त्याला त्याची अपेक्षा नव्हती.

एक खटकले. माझ्या आठवणीत बाजू उलट होत्या. विंचू सु.चा, जातं ग.चे. विचारायला हवे.

११, बुधवार

सकाळी सु.चा सराव. मी दारात हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते, म. लावून. बोट तारेवरून सरकते त्याचाही आवाज येतो. वाजवण्याआधी तो श्वास धरतो, तेही. ह्या माणसाबरोबर मी इतकी वर्षे राहते आणि हे माहीत नव्हते.

विंचू. नऊ सूर स्वच्छ. दहाव्याला तार भुणभुणली. चौदाव्याला पुन्हा.

मशीनचा दोष समजून सोडून दिले. मग मोजले. अकरा वेळा वाजवले, अकराही वेळा दहावा आणि चौदावा. दोन्ही ठिकाणी बोट एकच, डाव्या हाताचे, करंगळीशेजारचे. तारेवर पडते, दाबत नाही. मशीन बिघडले असते तर इतके नियमित बिघडले नसते.

याला मी पास केले आहे.

१२, गुरुवार

म. मुद्दाम काढून ठेवले. तीच खुर्ची, तेच ऊन, तोच सराव.

विंचू आला तो पैलतीरावरून आल्यासारखा. दहावा सूर होता. चौदावाही होता. जे येत नाही ते माझा कान स्वतःच्या पदरचे घालतो बहुतेक. डोळे मिटले. जुन्या घराची पडवी, सहामाहीचे पेपर, मी नोकरीला लागून दोन वर्षे झालेली. सु. वीस वर्षांचा, मागून आणलेली गिटार, एकाच तुकड्यावर तीन-तीन तास. "बंद कर ते!" मी ओरडायची. एकदा पेपरांच्या गठ्ठ्यावर डोके ठेवून झोपले, तर झोपेतही तो तुकडा चालूच, आणि मी उत्तरांना बरोबरच्या खुणा करते आहे, सतरा, शेवटची सगळ्यात मोठी. सगळी मुले पास. कुणाचे काही चुकलेलेच नाही.

डोळे उघडले तेव्हा घाटे मांडीवर, ऊन भिंतीवर चढलेले. सु. समोर उभा. काहीतरी विचारत होता. ओठ दिसले, शब्द नाही. मी मान हलवली. कशाला हलवली देव जाणे.

डॉक्टरांसाठी: म. काढल्यावर संगीत जास्त चांगले ऐकू येते. हे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे असावे.

१४, शनिवार

सु. बाजारात गेलेला. ग. लवकर आला. बरे झाले.

मी सरळ विचारले. "सुधाकरच्या बोटाला काय झालं आहे?"

तो मोटारसायकलच्या किल्लीशी खेळत राहिला. "मालूम झालं का तुमाले."

"कधीपासून?"

"दोन वर्सं. डाक्टरले दाखवलं त्यानं, तुमाले न सांगता. नस हाय म्हने. येते, जाते. जास्त करून जातेच."

"आणि बाजू? विंचू तर त्याचा होता."

"हाव. जात्याले ते बोट लागतच नाही, म्हनून तो जात्याकडे आला. एक दिवस बसला अन् म्हने, गजू, तूच खरा, जातं मोठं." किल्ली खिशात. "आता दोघंबी जात्याकडे बसलो तं बोलाव काय, बाई? त्यानं विंचू सोडला, मी उचलला. कोनीतरी भांडाले पाह्यजे न त्याच्यासाठी."

मी म्हटले, "मग त्याला सांगितलं का नाहीस, की नको वाजवू?"

"मी? मी चाळीस वर्सं त्याची तारीफच करून राह्यलो. माह्यं कोन आइकते? म्हनून तं तो तुमच्यापाशी बसला. तुमी 'जा' म्हनलं अन् त्याले वाटलं, त्या दिवशी बोट आलं होतं." मग खाली बघत, "मले बी वाटलं. मी म्हनलं, बाईनं पास केलं म्हंजे असन."

चहा केला. साखर घालायची राहिली. त्याने तसाच प्याला आणि छान झाला म्हणाला.

१६, सोमवार

पहाटे शेताच्या वाटेने शिवेपर्यंत. पळस फुलला आहे. म. लावून पायाखालची पाने वाजतात, एकेक वेगळे. काढले की सगळी वाट एकच आवाज होते, झोपेत कुणी पांघरूण घालावे तसा. लावले. काढले. लावले. रस्त्यावरच्या बायका बघत होत्या.

घरी आले तर सु. जातं वाजवत होता. लहान स्पीकर ओसरीच्या फरशीवर. म. काढलेलेच होते. ते कानातून आलेच नाही, तळव्यांतून आले, खांबातून आले. पाच सूर, फिरून पहिला. किती वेळ उभी होते माहीत नाही. शाळेत पाढे म्हणताना पोरांचे डोळे असेच हरवल्यासारखे व्हायचे, मी छडी आपटायची. उगाच आपटली म्हणायची.

तो थांबला. फरशी थांबली नाही.

दुपारी म्हटले, "२२ ला जातं का नाही वाजवत?"

"लोकायनं विंचू मांगितला, ताई. अन् तू आइकला न. तू म्हनली न जा."

आज सांगायचे होते. वाक्य तयार होते, सहा शब्दांचे. भात करपल्याचा वास आला, उठले. भात करपला नव्हता.

१८, बुधवार

सभागृहात तालीम. ढोलकीवाला शिरपूरहून बसने आला, त्याचे केस कधी पांढरे झाले कोण जाणे. पेटीवाला तोच. मी मागच्या खुर्चीवर, म. लावून. नवीन भिंती, आवाज सगळीकडून परत येतो.

विंचू. दहाव्याला भुणभुण, मोठ्या स्पीकरवर, भिंतीवरून परत आलेली, म्हणजे दोनदा. ढोलकीवाल्याने पेटीवाल्याकडे पाहिले. पेटीवाल्याने छताकडे. ग. जोरात "वाऽ सुधाभाऊ!" म्हणाला, गरजेपेक्षा फार जोरात.

सु. मंचावरून उतरून थेट माझ्याकडे आला. कपाळाला घाम. "ताई, खरं सांग. कसं झालं?"

मी म्हटले, "मशीनची बॅटरी गेली रे. नीट ऐकू नाही आलं."

बॅटरी चालू होती. आयुष्यात किती खोटे बोलले मोजायचे म्हटले तर हाताची बोटे पुरतील. त्यांत हे एक.

तो बराच वेळ बघत राहिला. "बर," म्हणाला. परत जाऊन गिटार पुसली, पिशवीत घातली. रस्त्याने काही बोलला नाही, किंवा बोलला असेल. म. तोपर्यंत मी काढले होते.

१९, गुरुवार

सराव नाही. वादही नाही. ग. आला, बसला, उठला. "जातं मोठं," म्हणाला जाताना, दाराकडे बघून.

मशीन ठेवायचे की परत करायचे. ठेवले तर पुढे रोज दहावा आणि चौदावा. परत केले तर सु. मरेपर्यंत विंचू अखंड वाजवेल, माझ्यापुरता. आणि २२ ला सगळ्या गावाला ऐकू येईल ते एकटीला मला नाही. मी पुढच्या रांगेत बसून मान डोलवीन.

काल मी चुकीचे नाव सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता. त्याला भुणभुण ऐकू आली आहे. आलीच असणार, त्याचे कान शाबूत आहेत. मग विचारतो कशाला? भुणभुण विचारत नव्हता तो, माझा शब्द विचारत होता.

माझ्या शब्दावर त्याने हो म्हटले. तो शब्द मागे घ्यायचा तर माझ्याच तोंडाने. आणि तोंड उघडले की भाताचा वास येतो.

२०, शुक्रवार

दुपारचे चार. सु. ओसरीवर, नुसताच बसलेला. ग. यायला तास आहे. म. कानात आहे, बॅटरी नवी घातली, आज काढणार नाही.

डॉक्टरांकडे उद्या सकाळच्या बसने. ही वही त्यांच्यासाठी होती, पण यात त्यांच्या कामाचे फार थोडे आहे. त्यांना वेगळ्या कागदावर अर्धे पान लिहून दिले म्हणजे झाले. पंखा, फ्रिज, चप्पल, ट्रक.

तिसरे मत अजून दिलेले नाही. रविवारी देईन, तो मंचावर जे वाजवील ते ऐकून. काहीच वाजवले नाही तरी देईन. सुधाकर, हे तुला वाचता यावे म्हणून अक्षर मोठे काढले आहे. महिन्यापूर्वी मी 'जा' म्हटले तेव्हा मला नीट ऐकू येत नव्हते. आता येते. ११ तारखेचे पान आधी वाच. मग १२. दोन्ही खरी आहेत. मग १४, आणि गजाननावर रागावू नकोस. १८ तारखेबद्दल मी माफी मागते.

सुधाकरच्या हाती दिले ते:
वही एक, ६ तारखेपासून आजपर्यंत, एकही पान फाडलेले नाही.
त्याचा वाचायचा चष्मा, काचा पुसून.
चहा, साखर घातलेला.
गिटार, पिशवीतून काढून, तारा वर करून, खुर्चीशेजारी. मागितली नव्हती.
सही घेतलेली नाही.